साखरबाईच्या शिव्यांची गिऱ्हाइकं

"डोळं हायत का त्या जागी गुंड्या शिवल्यात? वलं चिपाड हाय ते. चुलवाण पेटवतुयास का इझवतुयास?"

चुलवाणाच्या भट्टीच्या तोंडाशी बसलेल्या रामसुरतने हातातली उसाची चिपाडं तशीच खाली टाकली. तो उत्तर प्रदेशातला. राहू गावातल्या या गुऱ्हाळावर जाळ घालायला येऊन त्याला कितीतरी हंगाम झाले, पण मराठी काही त्याच्या जिभेवर बसली नव्हती. साखरबाईची मराठी मात्र त्याला पहिल्या दिवसापासून कळायची. ती कानात शिरतच नसे, थेट पाठीच्या कण्यात शिरे.

"सूखा लाता हूँ, माई."

"आण. आन् चालताना पायबी उचल जरा. कोरड्या ढेकळात पेरला व्हता व्हय तुला, असा दमादमानं उगवतुयास त्यो?"

रामसुरत पळाला. तिकडे रस आटवायच्या काहिलीपाशी गुळव्या ज्ञानू उभा होता. त्याला अजून एक शब्दही ऐकवलेला नव्हता, तरी त्याचे हात उगाच जोरात चालू लागले. चरकावरच्या गड्याने दुप्पट ऊस ढकलला. बांधावर रवंथ करत बसलेली म्हैसदेखील उठून उभी राहिली.

असं ते तोंड होतं. पहाटे साखरबाई गुऱ्हाळावर आली की भीमेकाठचे बगळे उठायचे आणि पल्याड वडगाव रासाईच्या शिवारात जाऊन बसायचे. मागे एकदा उसाने भरलेला ट्रॅक्टर काळ्या रानात पार आसापर्यंत रुतला. पुढून ओढून झालं, मागून ढकलून झालं. शेवटी साखरबाई त्याच्यासमोर उभी राहिली आणि ट्रॅक्टर बनवणाऱ्यापासून विकणाऱ्यापर्यंत सगळ्यांचा उद्धार केला, तेव्हा तो आपला आपण बाहेर आला. ड्रायव्हर म्हणतो, त्याच वेळी गिअर नीट पडला. ड्रायव्हर मंडळींचं किती ऐकायचं ते ज्याचं त्याने ठरवावं. शेजारच्या उसात बिबट्या आला होता, त्याने एक सकाळ हे तोंड ऐकलं आणि पिंजऱ्यातली कोंबडीसुद्धा न खाता शिरूरच्या वाटेला लागला. ती कोंबडी पुढे बरीच वर्षं अंडी देत होती.

या तोंडाने कुणाचं वाईट मात्र झालं नव्हतं. नवरा गेल्यावर गुऱ्हाळ तगलं ते या तोंडावर. शिव्या देता देताच साखरबाई समोरच्याच्या हातात रसाचा तांब्या द्यायची, निघताना पानावर गरम गूळ. गुऱ्हाळावर आलेल्याला रिकाम्या हाताने लावून द्यायचं नाही, ही तिकडची रीत. रस गोड, गूळ गोड, मग बोलणंही गोडच कशाला पाहिजे, असा तिचा हिशेब होता.

हे सगळं विक्रमच्या मोबाइलात शिरलं आणि तिथून फाटे फुटायला लागले.

विक्रम तिचा एकुलता एक. पुण्यात कुठल्याशा शिबिराला बसून आला होता. तिथे गळ्यात टाय लटकवलेल्या एका पोराने सांगितलं, आजकाल माल विकायचा नसतो, मालाची गोष्ट विकायची असते. ते विक्रमला पटलं, कारण ते पैसे भरून ऐकलं होतं. घरी येताच त्याने इन्स्टाग्रामवर 'साखरबाईचा गूळ' नावाचं पेज उघडलं. बायकोला, सुलक्षणाला, नऊवारी नेसवून, हातात पितळी तांब्या देऊन पहाटेच्या धुक्यात उसातून चालायला लावलं. मागे बासरी. मनासारखं येईना म्हणून पुन्हा चालवलं, पुन्हा चालवलं. पेजला मिळालं एवढंच की सुलक्षणाला पडसं झालं. फॉलोअर जमले ते सगळे तिच्या माहेरचे, आणि एक परमुलखातली बाई, जी रोज सकाळी 'हॅलो डिअर' म्हणायची. सुलक्षणा तिच्यावर डोळा ठेवून होती.

त्या दिवशी विक्रम काहिलीवरच्या वाफेचं चित्र घेत होता, तेवढ्यात मागून आईचा आवाज आला. वाफ राहिली बाजूला. रामसुरत, चिपाड, गुंड्या शिवलेले डोळे, सगळं मोबाइलात गेलं आणि मोबाइलातून जगात गेलं.

दिवस मावळायच्या आत पुणं वेडं झालं. चारचाकीत बसून हाफिसात जाणारी माणसं एकमेकांना 'चुलवाण पेटवतुयास का इझवतुयास' विचारायला लागली. कुणी तो आवाज गजराला लावला. कुणी लग्नाच्या हळदीला वाजवला. ज्यांना आईबापांनी लाडात वाढवलं होतं, ज्यांना जन्मात कुणी 'मेल्या' म्हटलं नव्हतं, ते तर गहिवरून गेले.

विक्रम धावत आला. "आई, लाखाच्या वर गेलं."

"काय गेलं?"

"माणसं गं. तुला बघत्यात."

"मग कामधंदा कोण करतंय?"

टायवाल्याने ते सांगितलं नव्हतं.

रविवारी गाड्या आल्या. यवतपासून वाट विचारत विचारत आल्या. पांढरेशुभ्र बूट काळ्या मातीत उतरले आणि माती लागली म्हणून त्यांचेही फोटो निघाले. एक घोळका साखरबाईपुढे येऊन उभा राहिला.

"आजी, आम्हाला शिव्या द्या ना."

साखरबाईने वर बघितलं. "का? काय केलंसा तुमी?"

"काही नाही. असंच."

"असंच कशा देऊ? आधी काय तरी कराल का न्हाई?"

तेव्हा त्यातला एक गॉगलवाला पुढे झाला आणि मुद्दाम गुळाच्या ढेपेला टेकून उभा राहिला. मग त्याला जे मिळालं, त्यात त्याच्या उंचीचा, केसांचा, फाटक्या विजारीचा आणि ती फाटकी विकणाऱ्या दुकानदाराचा समाचार आला. "एवढा ताडमाड वाढलास, त्यातलं थोडं वर डोक्यात गेलं असतं तर आईला आधार झाला असता." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. गॉगलवाल्याने साखरबाईच्या पाया पडून दोन ढेपा घेतल्या.

आणि खोटं कशाला बोलायचं, साखरबाईलाही आधी आधी ते बरं वाटलं. उभ्या जन्मात तिच्या बोलण्याला टाळी कुणी वाजवली होती? ती रविवारी ठेवणीतलं लुगडं काढायला लागली. एकदा तर ती म्हशीपुढे एक नवी शिवी घोळवून बघताना सुलक्षणाला दिसली. सुलक्षणा गुपचूप मागे फिरली. म्हैस बिचारी जागच्या जागी सगळं ऐकून घेत होती.

गुळाची खोकी पुण्याला जायला लागली. विक्रमने डोक्यावर टोपी चढवली, टोपीवर आईचं चित्र. गुऱ्हाळाच्या तोंडाशी फळा लागला: सकाळी रस, मग काकवी, मग शिव्या. वर तो आईला सूचना करायला लागला.

"आई, आज जरा ताज्या दे. मागल्या रविवारच्याच दिल्यास तू."

"ताज्या म्हंजी? मेथीची जुडी हाय का ती?"

"हे बघ, हे असलं. फकस्त जरा हिकडं तोंड करून बोल. उजेड न्हाई तिकडं."

काहीतरी बिघडतंय हे साखरबाईला जाणवू लागलं ते यानंतर. एका सकाळी तिने रामसुरतला जाळ मंद झाल्यावरून धरलं. बोलणं नेहमीचंच, जोर नेहमीचाच. रामसुरतने आधी केस सारखे केले. मग आजूबाजूला बघितलं. मग दात काढून म्हणाला, "माई, फिर से बोलिए. विक्रमभाई ने लिया नहीं."

जाळ तसाच मंद राहिला.

मग आला सोपानराव, गुळाचा व्यापारी. दर हंगामात तो ढेपेला नख लावून म्हणायचा, रंग काळा पडलाय. दर हंगामात साखरबाई त्याच्या रंगापासून सुरुवात करायची आणि तो उपरण्याने घाम पुसत सरळ भावावर यायचा. यंदाही त्याने नख लावलं. साखरबाईने तोंड उघडलं. सोपानरावाने हात वर करून तिला थांबवलं.

"वहिनी, जरा दमानं घ्या. आमच्या मंडळींना लावून देतो फोन. ती तुमची लई मोठी फॅन हाय."

साखरबाई बोलत राहिली. फोनातली बाई हसत राहिली. सोपानरावाच्या डोळ्यांतून पाणी आलं हसून हसून. मग त्याने डोळे पुसले, काळ्या रंगाचा म्हणून पडेल भाव लावला आणि गूळ गाडीत भरून घेऊन गेला.

त्या सांजेला साखरबाई ओट्यावर भाकरी पुढ्यात घेऊन नुसती बसली.

"सुले, माझ्या तोंडाला काय झालंय गं?"

"काय बी न्हाई, आत्या. उलट लई गाजलंय की."

"तेच म्हणतीया."

साखरबाईने भाकरी परत टोपलीत ठेवली. काय सांगणार? या बाईकडे सही-शिक्का नव्हता, पाठीशी पुढारी नव्हता, अंगात जोर राहिला नव्हता. होता तो एक शब्द. तो टाकला की माणूस हलायचा. आता तो टाकला की माणूस हसायचा.

पुढच्या रविवारी जत्रा भरल्यासारखी गर्दी होती. ऊन चढलं होतं, चिपाडाची धूळ घामाला चिकटत होती. काहिलीतलं आधण शेवटाला आलेलं. अशा वेळी रस काकवीच्या पुढे गेलेला असतो, फेस एकदम वर येतो, आणि गुळव्या सोडून कुणी जवळ फिरकत नाही. ज्ञानू लांब दांड्याच्या फावड्याने ढवळत होता. तेवढ्यात मोबाइल उंच धरून, काहिलीकडे पाठ करून, एक पोरगा मागे सरकायला लागला. त्याला स्वतःसकट फेसही चित्रात पाहिजे होता.

"मागं सरू नगं रं मुडद्या, भाजून मरशील," साखरबाई ओरडली.

लोक खदखदून हसले. कुणीतरी शिट्टी मारली. तो पोरगा थांबला तर नाहीच, वर अंगठा दाखवून म्हणाला, "आजी, एक नंबर. परत एकदा, आवाज नीट आला नाही."

"ज्ञान्या, वढ त्याला. वढ."

ज्ञानू वीस वर्षं तिच्या हाताखालचा गडी. एरवी साखरबाईने 'ज्ञा' म्हटलं की 'न्या' निघायच्या आत तो उडी टाकायचा. त्या दिवशी त्याने मान वर केली, मोबाइल कुठल्या बाजूला आहे ते बघितलं, आणि हसला. एक निमिषभर हसला. तेवढ्यात पोराची टाच काहिलीच्या काठाला लागली. मग ज्ञानूने फावडं टाकून त्याला कमरेला धरून बाजूला फेकलं, पण वर आलेला फेस ज्ञानूच्या उजव्या हातावर गेला, कोपरापासून मनगटापर्यंत.

पोरगा मातीत पडला. मोबाइल काहिलीत पडला. ज्ञानू खाली बसला आणि कण्हलासुद्धा नाही. ते बघून लोकांपैकी कुणाचं हसणं थांबलं, कुणाचं थांबलं नाही. मागच्यांना वाटत होतं हेही ठरवलेलंच आहे.

यवतच्या दवाखान्यात ज्ञानूच्या हाताला पांढरं बांधलं. साखरबाई खाटेपाशी बसली होती. ज्ञानू छताकडे बघत म्हणाला, "काकी, तुमी वरडला तवा मला वाटलं, इडिओ चाललाय."

साखरबाई बाहेर येऊन पाहते तर विक्रम मोबाइलात डोकं घालून उभा. दुसऱ्या कुणीतरी घेतलेला तो सगळा प्रकार जगात फिरत होता, आणि खाली लोकांनी हसून रडणारी तोंडं चिकटवली होती, ओळीच्या ओळी.

"आई, मी न्हाई टाकलं," विक्रम म्हणाला. मग जीभ चावत, "पर फॉलोअर वाढलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी विक्रम अंथरुणातून उठून ओट्यावर आला. साखरबाई चुलीपाशी होती. तिने डोईवरचा पदर सारखा केला, उभी राहिली आणि म्हणाली, "उठलात का विक्रमराव? आपण चा घेणार का दूध?"

विक्रमच्या हातातला टॉवेल गळाला.

हे ज्याला कळत नाही त्याला राहू गाव कळलेलं नाही. साखरबाई ज्याला आपला मानायची त्याला अरे-तुरे, मग तो सरपंच असो की तिचा व्याही. 'अहो' तिने आजवर एकालाच घातलं होतं, धाकट्या दिराला, कोंडिबाला. त्या कोंडिबाला लहानपणी तिने कडेवर खेळवलं होतं. त्याने मोठेपणी बांधाचा दगड सरकवला. ती भांडली नाही. दुसऱ्या दिवशी भर चावडीवर म्हणाली, "काय कोंडिबाराव, आपली तब्येत बरी हाय ना?" कोंडिबाने दगड जागेवर नेऊन ठेवला, पण 'अहो' काही मागे गेलं नाही. शेवटी तो भीमा ओलांडून वडगाव रासाईला सासुरवाडीत जाऊन राहिला. अजून नदीच्या काठाला येतो, इकडे बघतो आणि परत जातो.

"आई, शिव्या दे पायजे तर," विक्रम म्हणाला.

"आपल्याला कशा देऊ शिव्या? आपण मोठी माणसं."

"आई."

"च्यात साखर किती टाकू ते सांगावं."

पुढल्या रविवारी पुन्हा घोळके आले. साखरबाई हात जोडून दारात उभी. "या साहेब. या बाईसाहेब. आपलं स्वागत हाय." प्रत्येकाला रस दिला, गूळ दिला, रीत मोडली नाही. पोरांनी ढेपेला टेकून बघितलं. "टेका की, आपलीच हाय," ती म्हणाली. एकाने रस मुद्दाम जमिनीवर ओतला. "असू द्या. आपल्याला दुसरा देते." एका बाईने तर रडवेल्या तोंडाने विचारलं, "आजी, निदान 'मेली' तरी म्हणा ना. आम्ही वाघोलीवरून आलोय." साखरबाईने तिला बसायला सतरंजी टाकली.

विक्रमने ते हात जोडलेलं चित्र पेजवर टाकून बघितलं, काय करणार. खाली लोकांनी लिहिलं, आजीसुद्धा बँकेतल्यासारखी बोलायला लागली. ज्या वेगाने लाख जमले होते त्याच्या दुपटीने ते पांगले. उसातून पाखरांचा थवा उठावा तसे उठले आणि यवतजवळ हमरस्त्यावरच्या एका ढाब्यावर जाऊन बसले. त्या ढाबेवाल्याने कुशाबाई नावाची एक म्हातारी रोजंदारीवर आणून बसवली होती. थाळीबरोबर एक शिवी फुकट. बिचारीने जन्मात दारातल्या कुत्र्यालाही 'हाड' म्हटलं नव्हतं. ढाब्यावरच्या पोराने आधी पढवावं आणि मग तिने म्हणावं, असं चाललं होतं.

सुलक्षणाने ते दाखवलं. साखरबाईने मोबाइल लांब धरून पाहिला.

"बघ की, मधीच हसती. आन् 'मुडद्या' म्हणून झाल्यावर भाजी वाढू का म्हणती." मोबाइल परत देत ती म्हणाली, "लोकांची लायकी तेवढीच व्हती. बरोबर जागी गेलं समदं."

त्याच आठवड्यात सोपानराव आला. फोन हातात तयार. साखरबाई उठली. "या सोपानराव शेठ. बसा. पाणी आणू का आपल्याला?"

सोपानराव बसला नाही. तो गावातला माणूस, त्याला सगळं कळत होतं. त्याने फोन खिशात घातला. ढेपेला नख लावायला गेलेला हात परत घेतला.

"वहिनी, माझं काय चुकलं का?"

"आपलं कसं चुकंल, शेठ?"

सोपानरावाने उपरणं काढलं, तोंड पुसलं, मान पुसली. मग रंगाचं नाव न काढता सरळ भाव बोलला, आणि मागल्या गाडीचाही तोच धरा म्हणाला. जाताना दारात दोनदा थांबून मागे बघितलं. साखरबाई हात जोडूनच उभी होती.

विक्रमने फळा उतरवला. टोपी चुलवाणात गेली. येणाऱ्याचा मोबाइल आता बाहेर म्हशीच्या गव्हाणीत ठेवायला लागायचा, आणि म्हैस त्यावर बारीक नजर ठेवायची. तरी घरात 'विक्रमराव' चालूच होतं. पोरगा खंगला. जेवताना ताटाकडे बघत बसायचा. सुलक्षणा एकदा बोलली, "आत्या, आता पुरं करा की." साखरबाई म्हणाली, "माझ्या हातात असतं तर केलं असतं गं. आत्ता तोंड उघडलं आन् कुणी हसलं, तर मग माझ्यापाशी ऱ्हाईलंच काय?"

हात बरा झाल्यावर ज्ञानू परतला. दुपारची वेळ, आधण काहिलीवर चढलेलं, बदली गुळव्याने त्याची पार रया घालवलेली. ज्ञानू दारात उभा. हातावरची कातडी गुलाबी, नवी, पोराच्या कातडीसारखी. रामसुरत चुलवाणापाशी थांबला. चरकावरचा गडी थांबला. विक्रम ढेपा मोजत होता, त्याची मोजणी तिथेच राहिली. साखरबाई काय म्हणते याकडे सगळ्यांचे कान. ती त्याला 'या' म्हणाली असती, तर ज्ञानू आल्या वाटेने परत गेला असता, आणि त्याच्यामागून बाकीचेही.

साखरबाईने त्याचा हात बघितला. घसा साफ केला.

"आलास का मेल्या? पाव्हण्यावाणी दारात उभा ऱ्हायलास त्यो? हितं समदा गूळ करपाय लागलाय, आन् ह्यो बघतूया कसा, जसं काय ह्याच्या लग्नाचं वऱ्हाड यायचंय. उचल ते फावडं. आन् डाव्या हातानं धर, उजवा अजून कवळा हाय तुझा, टोणग्या."

कुणी हसलं नाही. रामसुरत वाळलं चिपाड आणायला पळाला. ज्ञानूने डाव्या हाताने फावडं उचललं आणि ढवळायला लागला.